कोऱ्या कागदावरची सही

आमचे साहेब आठवड्यातून सरासरी अकरा वेळा हात वर करतात. सभागृहात मतदान असतं ना, म्हणून. लोक कामं घेऊन आले की तेव्हाही ते हातच वर करतात, पण ते अहवालात धरायचे नसतात.

अहवाल म्हणजे ‘आपल्या लोकप्रतिनिधीचा आठवडा’. दर शुक्रवारी मतदारसंघात घरोघर जाणारा, दोन्ही बाजूंनी छापलेला कागद. साहेबांनी किती मतदानांत भाग घेतला, कोणत्या समितीत काय बोलले, किती पत्रांना उत्तरं दिली, सगळं त्यात असतं. तो मी लिहिते. एकोणीस वर्षं मी साहेबांची पीए आहे. या इमारतीतले सगळे मला ‘बाई’ म्हणतात आणि माझं काही नाव असेल अशी शंका त्यांना कधी आलेली नाही. आता छापखान्याला मजकूर बुधवारी दुपारी लागतो आणि आठवडा तर शुक्रवारी संपतो. म्हणून साहेबांचे गुरुवार-शुक्रवार मी आधीच लिहून टाकते. एकदाही चुकले नाही हो! साहेब काय करणार हे साहेबांच्या आधी मला कळतं. काहीच करणार नसतील तर ‘सखोल विचारविनिमय केला’ असं लिहायचं.

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. बाहेरची खोली माझी, आतली साहेबांची. माझ्या खोलीत पत्रांच्या तीन पेट्या आहेत. पहिल्या पेटीत अभिनंदनाची पत्रं, त्यांना उत्तर ‘अ’. दुसरीत कामाची, त्यांना उत्तर ‘ब’, म्हणजे ‘आपला विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’. तिसरीत रडणाऱ्यांची आणि भांडणाऱ्यांची. त्यांना उत्तर ‘क’: ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.’ नोंद कुठे घेतली, हे एकोणीस वर्षांत एकानेही विचारलं नाही. माणसं भारी समजूतदार असतात.

आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असतात कोरे कागद. कोरे म्हणजे अगदीच कोरे नव्हेत. वर साहेबांचं छापील नाव, खाली उजव्या कोपऱ्यात साहेबांची सही, मधे काही नाही. दर सोमवारी सकाळी साहेब फोनवर बोलता बोलता असे चाळीस कागद सही करून देतात. मग आठवडाभर मी सहीच्या वर मजकूर बसवत राहते. मजकूर लांबला तर अक्षर बारीक करायचं, कमी पडला तर ‘आपल्या कुटुंबीयांना शुभेच्छा’ वाढवायच्या. सोपं नाही ते! इमारतीतल्या यच्चयावत पीएंच्या खणांत असे कागद आहेत. ज्याच्या पीएकडे नसतील तो सभासद एकतर नवा असतो, नाहीतर संशयी.

तर त्या सोमवारी दोनशे बारा पत्रं आली. त्यातली दीडशे एकाच विषयावर. वरच्या गावातलं प्रसूतिगृह बंद होणार होतं.

वरचं गाव म्हणजे आमच्या मतदारसंघाचं टोक. घाट चढून जावं लागतं. तिथे आठ खाटांचं प्रसूतिगृह आहे, एक डॉक्टरीणबाई, दोन नर्स. ते बंद झालं तर जवळचं इस्पितळ अडीच तासांवर, तेही घाटात ट्रक अडकला नसेल तर. सरकारने ‘बंद’ हा शब्द अर्थातच वापरला नव्हता. प्रस्तावाचं नाव होतं ‘आरोग्यसुविधांचे सुलभ एकत्रीकरण’. गुरुवारी दुपारी तीन वाजता आरोग्य समितीत त्यावर मतदान होतं, आणि आमचे साहेब त्या समितीत होते. दोन महिन्यांपूर्वी वरच्या गावात जाऊन, खुर्चीवर उभं राहून, ते म्हणाले होते, “माझ्या जिवात जीव आहे तोवर इथली एक खाट हलणार नाही!” टाळ्या काय, शिट्ट्या काय! ते वाक्य मीच लिहून दिलं होतं.

मला तेव्हा ते फार आवडलं होतं, कारण माझी लेक वरच्या गावात दिली आहे.

जावई इलेक्ट्रिशियन आहे, मुलगा सालस. लेकीला आठवा महिना लागला होता. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी प्रसूतिगृहाला दुरुस्तीसाठी तीन आठवडे कुलूप होतं. जावई तिला टेम्पोत घालून खाली आणत होता, आणि बाळ घाटातच गेलं. सातव्या वळणावर. आजही तिथून जाताना लेक डोळे मिटून घेते, मी मात्र उघडे ठेवून बघते. ते वळण ज्याने दुरुस्तीची तारीख ठरवली त्याला घेऊन जाऊन दाखवावं, असं मला वाटतं. जाऊ दे. सांगायचं एवढंच की त्या दीडशे पत्रांत एक पत्र माझ्या लेकीचं होतं. तिने आईला वशिला लावायला सांगितलं नाही. रीतसर लिहिलं, रीतसर तिकीट लावलं. मी रीतसर तिसऱ्या पेटीत टाकलं आणि तिला उत्तर ‘क’ धाडलं.

बुधवारी तिचा फोन. “आई, तुझ्या साहेबांनी माझ्या भावनांची नोंद घेतली आहे म्हणे.”

“मीच घेतली गं ती.”

“ते कळलंच. शेवटी कुटुंबीयांना शुभेच्छा दिल्या आहेस.” ती हसली. मग हळूच म्हणाली, “आई, पण साहेब आपल्या बाजूने मत देतील ना?”

“देतील की. शब्द दिलाय त्यांनी,” मी म्हटलं. आणि फोन ठेवून ढसाढसा रडले, कारण साहेब मत देणार नव्हते हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

झालं होतं असं, की मंगळवारी पक्षाचा प्रतोद आमच्याकडे आला. मतदानाच्या वेळी सगळ्या सभासदांना हाकून आणणं आणि कुणाची शिंगं वाकडी झाली तर सरळ करणं, हे प्रतोदाचं काम. माणूस बडीशेप चघळत येतो आणि खुर्चीवर न बसता टेबलाच्या कोपऱ्यावर बसतो. साहेबांची पंचाईत त्याला ठाऊक होती. प्रस्तावाच्या बाजूने मत द्यावं तर वरचं गाव जोड्याने मारणार, विरोधात द्यावं तर पक्ष. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. साहेबांचा चेहरा तीन दिवस बद्धकोष्ठ झाल्यासारखा होता.

“जोडी लावू या,” प्रतोद म्हणाला.

जोडी ही आमच्याकडची जुनी पद्धत. एका बाजूचा सभासद आजारी असला की दुसऱ्या बाजूचाही एक जण मतदानाला जात नाही. दोघांच्या सह्यांची पत्रं समितीच्या सचिवाकडे जातात, हिशेब सारखा राहतो, आणि आजाऱ्याचा फायदा कुणी उठवला असं होत नाही. मोठी सभ्य रीत आहे. सभ्य माणसांनी ती काढली आणि मग आम्ही वापरायला घेतली.

विरोधी पक्षाचे हरकतआजोबा इस्पितळात होते. आजोबा ब्याऐंशी वर्षांचे. तीस वर्षं सभागृहात दर तासाला उठून ‘हरकत!’ म्हणायचे, म्हणून ते नाव. त्यांच्या हरकतींनी आमच्या तीन सरकारांची झोप उडवली होती. आता फुफ्फुसात पाणी झालं होतं, आणि तेही याच समितीत होते.

समितीत माणसं अकरा. सहा आमची, पाच विरोधकांची. साहेब आणि आजोबा दोघं बाहेर राहिले की पाच विरुद्ध चार, प्रस्ताव मंजूर. आणि साहेबांच्या अंगाला डाग नाही. लोकांना सांगायला मोकळे, की अहो, एका आजारी वृद्धाशी माणुसकीने वागलो!

“बाई, जोडीचं पत्र करा,” साहेब आतून म्हणाले. त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की मला आधी वाटलं त्यांच्या घरी बाळ वगैरे झालं.

“साहेब, वरच्या गावाला आपण शब्द दिलाय,” मी दारात जाऊन म्हटलं.

“मी विरोधात कुठे जातोय बाई? मी कुठेच जात नाहीये.”

मग मी खण उघडला, एक कागद काढला आणि जोडीचं पत्र टाइप केलं. हो, केलं. लाज वाटली, पण केलं. एकोणीस वर्षांची सवय हो, हात आपोआप चालतात. बुधवारी अहवालही छापखान्यात गेला. गुरुवारच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘आरोग्य समितीत वरच्या गावाच्या प्रश्नावर सखोल विचारविनिमय केला.’

गुरुवारी साहेब सकाळीच मतदारसंघात निघून गेले. बसथांब्याच्या नव्या छपराचं उद्घाटन होतं. छप्पर म्हणजे चार खांब, एक पत्रा आणि साहेबांच्या नावाची पाटी. त्यातल्या त्यात पाटी मोठी.

साडेदहाला टाचणी माझ्या दारात आला. टाचणी हा हरकतआजोबांचा पीए. अंगाने किडमिडीत, आणि शर्टाच्या खिशाला कायम दोन-चार टाचण्या टोचलेल्या. साहेब लोक सभागृहात एकमेकांच्या सात पिढ्या उद्धारायचे तेव्हा टाचणी आणि मी जिन्यात चहा प्यायचो. नेहमी येतो तो आधी खाकरतो. आज नुसता उभा राहिला.

“आजोबा गेले, बाई. पहाटे.”

मी त्याला खुर्ची दिली. तो तेवीस वर्षं होता त्यांच्याकडे. बिचाऱ्याने खिशातल्या टाचण्या काढल्या आणि परत टोचल्या. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच मिनिटाला माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आजोबा गेले, म्हणजे जोडी सुटली. जोडी सुटली, म्हणजे साहेब मत देऊ शकतात. आणि साहेबांचं मत विरोधात पडलं तर पाच विरुद्ध पाच. आमच्या समितीत मतं समसमान झाली की प्रस्ताव पडतो.

मी साहेबांना फोन लावला. मागे बँड वाजत होता.

“अरेरे!” साहेब म्हणाले. “मोठा माणूस गेला. शोकसंदेश काढा, अर्धं पान.”

“काढते. साहेब, जोडी आता राहिली नाही. तुम्ही तिकडूनसुद्धा मत देऊ शकता. हजर नसलेल्याने सहीच्या पत्राने मत कळवलं तर चालतं, घंटा व्हायच्या आत सचिवांकडे पोचलं की झालं. कागद आहेत माझ्याकडे. तुम्ही फक्त हो म्हणा.”

बँड वाजत राहिला.

“बाई,” साहेब अगदी गंभीर आवाजात म्हणाले, “मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडू? माझ्या तत्त्वात बसत नाही ते.”

आई गं! एकोणीस वर्षांत या माणसाने जिवंतांना दिलेले शब्द मी मोजत बसले तर खण पुरायचा नाही. रस्ते, पूल, शाळेच्या खोल्या, माझी पगारवाढ. एकही पाळला नाही. आणि आता पाळायला निघाले तर कुणाला दिलेला? ज्याला विचारता येत नाही त्याला! मी फोन ठेवला. टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला, कारण फेकून मारायला साहेब समोर नव्हते.

तरी मी समितीच्या सचिवांकडे गेले. हे गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर बसतात, नियमांचं पुस्तक कापडी वेष्टनात ठेवतात आणि पान उलटण्यापूर्वी हात पुसतात. मी विचारलं, जोडीतला एक सभासद वारला तर जोडी सुटते ना?

त्यांनी अनुक्रमणिका पाहिली. मग पुस्तक पाहिलं. मग परिशिष्ट पाहिलं. पाऊण तास गेला.

“मृत्यूचा उल्लेख नाही,” ते म्हणाले. “जोडी मोडायची तर दोघांच्या सह्यांची पत्रं लागतात. उल्लेख फक्त एवढाच आहे.”

“पण एक जण मेलाय हो!”

“मग त्यांची सही आणणं अवघड जाईल तुम्हाला,” ते म्हणाले, आणि पुस्तक वेष्टनात गुंडाळलं. टोमणा नव्हता तो. माणूस खरंच माझी अडचण समजून घेत होता.

वर आले तर टाचणी तिथेच बसलेला. मी त्याला सगळं सांगितलं. लेकीचंही सांगितलं, सातव्या वळणासकट. सांगताना माझा आवाज फाटला, पण त्याने इकडे तिकडे पाहिलं नाही.

“मला एक सांगा,” मी म्हटलं, “आजोबा जोडीला तयार कसे झाले? हा प्रस्ताव हाणून पाडायचा म्हणून सहा महिने झगडत होते ना ते?”

टाचणी खाली बघायला लागला. “त्यांना कुठे माहीत होतं? मंगळवारी नाकात नळ्या होत्या. आमच्या प्रतोदाला तुमच्या प्रतोदाने सांगितलं, आमच्याने मला. मी खणातला कागद काढला आणि पत्र केलं.”

मी माझ्या खालच्या खणाकडे पाहिलं.

“तुम्हीही?” तो म्हणाला.

“मीही.”

“म्हणजे जोडी तुमची-माझीच झाली होती की, बाई.”

त्या दिवशी हसू यावं असं काही नव्हतं, पण आलं. तो हसता हसता रडायला लागला. म्हणाला, शुद्धीवर असते तर आजोबांनी नळ्या उपसून हरकत घेतली असती. मग उठला, आपल्या ऑफिसात गेला आणि दहा मिनिटांनी एक कागद घेऊन आला. वर आजोबांचं नाव, खाली त्यांची थरथरती सही.

“माझ्याकडचे बाकीचे आत्ता फाडून आलो,” तो म्हणाला. “हा एक ठेवलाय. तारीख कालची घाला.”

तेवढ्यात फोन वाजला. लेक. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. प्रसूतिगृहाच्या अंगणात सगळ्या जमल्या होत्या म्हणे, डॉक्टरीणबाईंसकट.

“आई, आम्ही सगळ्या इथे बसलोय. साहेब आपल्या बाजूने आहेत ना, एवढंच सांग. यांना सांगते मी.”

बुधवारीही मी तिला ‘हो’च म्हटलं होतं. तेव्हा ते खोटं होतं आणि मला ते ठाऊक होतं.

“आहेत,” मी म्हटलं. “पत्र करतेच आहे.”

मग मी दार लावून घेतलं. आजोबांच्या कागदावर टाइप केलं, ‘मी ही जोडी संपुष्टात आणत आहे.’ सहीच्या वर थोडी जागा उरली. टाचणी म्हणाला, “‘माझी हरकत आहे’ असं घाला. नाहीतर कुणाला खरं वाटायचं नाही.” घातलं. मग आमच्या साहेबांचे दोन कागद काढले. एकावर जोडी संपवली. दुसऱ्यावर लिहिलं, ‘प्रस्ताव क्रमांक चौदा. माझे मत : विरोधात.’ एवढंच. खाली हातभर जागा मोकळी राहिली, पण कुटुंबीयांना शुभेच्छा घातल्या नाहीत.

हे चूक होतं का? होतं. मला काय ते कळत नाही? लोकांनी साहेबांना निवडून दिलंय, मला नाही. पण मग एकोणीस वर्षं त्यांच्या नावाने मी जी पत्रं लिहिली ती कुणाची होती? तेव्हा कुणाला चुकीचं वाटलं नाही. उलट दिवाणखान्यात फ्रेम करून लावलीत लोकांनी.

अडीचला आम्ही सचिवांच्या पुढ्यात तीन कागद ठेवले. त्यांनी हात पुसले. नमुना सह्यांचं पुस्तक काढलं, भिंगाने एकेक वळसा तपासला.

“यांनी काल सही केली?”

“काल संध्याकाळी, साहेब,” टाचणी म्हणाला. “पूर्ण शुद्धीवर होते.”

सचिव बराच वेळ आजोबांच्या सहीकडे बघत राहिले. मग शिक्का उचलला. “सह्या अस्सल आहेत,” ते म्हणाले. “माझं काम तेवढंच.”

आणि खरंच होत्या की अस्सल! तीनही कागदांत खोटं असं काहीच नव्हतं, मजकूर सोडला तर.

तीन वाजून बारा मिनिटांनी समितीत पाच-पाच झाले आणि प्रस्ताव पडला. आमचा प्रतोद बडीशेप गिळायची विसरला, असं शिपाई सांगत होता.

साडेतीनला साहेबांचा फोन. मागे बँड नव्हता, नुसता आरडाओरडा. “बाई,” ते ओरडत होते, “लोकांनी मला खांद्यावर घेतलंय! हे ‘खाटा वाचवल्या’ म्हणताहेत. बाई, मी नेमकं काय केलंय?”

मी सांगितलं. सगळं, काही न लपवता. पलीकडे कुणीतरी ‘जपून, जपून, पत्र्याला डोकं लागेल’ म्हणालं.

“तुम्ही सांगून टाका, की सही माझी होती पण मत माझं नव्हतं,” मी म्हटलं. “मी नाही म्हणणार नाही.”

आता विचार करा. तसं सांगायचं तर कोऱ्या कागदांचं सांगावं लागणार. म्हणजे एकोणीस वर्षांची पत्रं, दाखले, शिफारशी, सगळंच उकरलं जाणार. शिवाय ते माणसांच्या खांद्यावर होते, आणि खांद्यावरून आपण होऊन उतरलेला माणूस मी तरी राजकारणात पाहिलेला नाही.

“बाई,” साहेब शेवटी म्हणाले, “अंतरात्म्याचा आवाज, असं काहीतरी दोन ओळीत पाठवा. लोक भाषण मागताहेत.”

पाठवल्या. काय बोलले म्हणता! वरच्या गावातल्या बायका फोनवर ऐकत होत्या, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. प्रतोदाने तीन दिवस डोळे वटारले, पण वर्तमानपत्रांनी साहेबांना ‘बाणेदार’ म्हटल्यावर त्यानेच त्यांच्या पाठीवर थाप मारली. हरकतआजोबांच्या शोकसभेत साहेब म्हणाले, की त्यांच्या शेवटच्या हरकतीत मला साथ देता आली. टाचणी माझ्या शेजारी बसला होता. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला, लोकांना वाटलं रडतोय.

मला साहेब एक शब्द बोलले नाहीत. फक्त सोमवारी आले, माझा खालचा खण उघडला, उरलेले कागद उचलले आणि आतल्या कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. नव्या सह्या केल्या नाहीत. पाच आठवडे पत्रांचा ढीग साचत गेला. लोकांच्या भावना नोंदीशिवाय पडून राहिल्या आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

सहाव्या आठवड्यात लेक बाळंत झाली. मुलगी. सव्वातीन किलो, रंगाने लालबुंद, आणि आवाज असा की हरकतआजोबाच परत आले. पाच नंबरच्या खाटेवर मी तिला मांडीवर घेतलं आणि मला जे काही वाटलं ते सांगायला माझ्याकडे ‘अ’, ‘ब’, ‘क’ यातलं काही नाही. दुसऱ्या दिवशी साहेब फोटोग्राफर घेऊन आले. नातीला त्यांनी माझ्या हातातून घेतलं, तीन कोनांतून फोटो काढून घेतले. लेक म्हणाली, “साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?” साहेब म्हणाले, “उपकार कसले? शब्द दिला होता.” नातीने त्यांच्या कोटावर दूध काढलं. पोरगी गुणी निघणार.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं आणि दारही लावून घेतलं.

“बाई, एक पत्र टाइप करायचंय,” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “तुमच्या संदर्भातलं.”

मी पॅड घेतलं. सेवेबद्दल आभार, प्रकृतीच्या कारणास्तव कार्यमुक्त, या महिनाअखेरपासून. बाहेर जाऊन मी ते टाइप केलं, कारण त्या ऑफिसात टाइप करायला दुसरं होतं कोण? सवयीने हात खालच्या खणाकडे गेला. तो रिकामा होता. साध्या छापील कागदावर पत्र काढून मी त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं रडायचं नाही, इथे तर मुळीच नाही.

“तुम्हाला काही म्हणायचंय का, बाई?” त्यांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

“नाही, साहेब. आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.”

फोन वाजला, तो त्यांनी घेतला नाही. खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. कागद जवळ ओढला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. एका ठिकाणी थांबून मागे गेले आणि पुन्हा पुढे आले. मी समोर उभी राहून बघत होते. एकोणीस वर्षांत साहेबांनी पूर्ण वाचून सही केलेलं ते पहिलं पत्र.